सक्तीचं एक्लिप्स, सवयीचं निओविम: एका टीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यात हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर सेवा कंपनीतलं, 2022 ते 2024 या काळातलं. कंपनी, क्लायंट आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तेवढे तपशील गाळले आहेत. त्या टीमची लीड मी होते. यातले दोन चुकीचे निर्णय माझे आहेत, त्यामुळे हे तिऱ्हाईतासारखं लिहिणं मला जमणार नाही.

क्लायंट युरोपातली विमा कंपनी होती. कोड जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 8 या आवृत्तीतला, जुना, अनेक हातांखालून गेलेला. टीम अकरा जणांची. लॅपटॉप क्लायंटचे, विंडोजचे, आणि त्यांवर कोणतं सॉफ्टवेअर चालेल याची एक मंजूर यादी. त्या यादीत जावा लिहिण्यासाठी एकच नाव होतं: एक्लिप्स. आयबीएमने 2001 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं हे साधन आमच्यातल्या बहुतेकांच्या हातात कॉलेजपासूनचं होतं. त्यामुळे ती सक्ती आहे असं कुणाला वाटायचंही नाही.

जून 2022 मध्ये एक डेव्हलपर रुजू झाला. सांगलीकडचा, चार वर्षांचा अनुभव असलेला, कमी बोलणारा. त्याचा हात विमवर, म्हणजे माऊसशिवाय नुसत्या कळांवर चालणाऱ्या एडिटरवर, बसलेला होता. खरं तर निओविमवर, म्हणजे विमपासून 2014 मध्ये फुटलेल्या शाखेवर. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "मॅडम, मी माझा एडिटर वापरला तर चालेल का? ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, झिप उघडली की चालतं."

मी म्हटलं, "वापर की. फक्त बोभाटा नको करूस."

पहिला चुकीचा निर्णय तो. त्या वेळी मला तो मोठ्या मनाचा वाटला होता.

त्याला काम करताना पाहिलं की त्याचा हट्ट का आहे ते कळायचं. ऑगस्टमध्ये स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कच्या साठेक जुन्या एक्सएमएल फाइलींमधल्या नोंदी नव्या पद्धतीत आणायच्या होत्या. सरळ शोधा-आणि-बदला करून भागणारं काम नव्हतं, कारण प्रत्येक नोंदीतल्या गुणधर्मांचा क्रम वेगळा होता. मी दीड दिवस धरला होता. त्याने पहिल्या फाइलीत एका नोंदीवर हात फिरवला, ते सगळे ठोके मॅक्रोत टिपून घेतले, दुसऱ्या फाइलीत चालवून पाहिलं, एका ठिकाणी अडकलं तिथे मॅक्रो पुन्हा टिपला आणि मग साठही फाइलींवर तो सोडला. माऊसला हात लागला नाही. जेवायला जायच्या आधी बिल्ड, म्हणजे कोड जोडून तपासण्याची फेरी, हिरवा झाला होता. असा वेग डोक्यातल्या विचाराला हाताची साथ मिळाली की येतो. वर्षानुवर्षं घडवलेलं हत्यार कुणी काढून घेतलं तर ही साथ तुटते आणि ते कुठल्या टाइमशीटमध्ये दिसत नाही.

अडचण

नोव्हेंबरमध्ये युएटीत, म्हणजे क्लायंटच्या स्वीकृती चाचणीत, हिशेब जुळेना. क्लायंटच्या लेखा विभागाने 37 पॉलिसींची यादी पाठवली. प्रत्येकीच्या हप्त्यात एक सेंट कमी.

कारण अर्ध्या दिवसात सापडलं. त्याने हप्त्याच्या हिशेबातलं पूर्णांकन एका सामायिक मेथडमध्ये हलवलं होतं. जुन्या कोडमध्ये पूर्णांकन 'हाफ-अप' होतं, म्हणजे 10.125 चे 10.13. सामायिक मेथडमध्ये 'हाफ-ईव्हन' होतं, ज्याला बँकेचं पूर्णांकन म्हणतात. त्यात बरोबर मध्यावरची संख्या शेजारच्या सम अंकाकडे झुकते, म्हणून 10.125 चे 10.12. दोन्ही पद्धतींत 10.135 चे 10.14 च होतात. त्यामुळे फरक काहीच पॉलिसींत दिसला आणि आमच्या युनिट टेस्टना तो दिसलाच नाही, कारण त्यांत मध्यावरची एकही संख्या नव्हती.

मग मी त्या बदलाचा रिव्ह्यू, म्हणजे मंजुरीआधीची तपासणी, उघडून पाहिला. खरा बदल सहा ओळींचा. पण फरक दिसत होता अकराशे ओळींहून जास्त. फाइल सेव्ह करताना त्याच्या एडिटरने तीन मोठ्या फाइलींची मांडणी नव्याने केली होती. आमच्या टीमची ओळ 140 अक्षरांची, त्याच्याकडे मर्यादा 120. त्यामुळे शेकडो ओळी मोडून दोन-दोन झाल्या आणि इंपोर्टचा क्रमही पालटला. 'मोकळ्या जागांचे फरक लपवा' हे बटण इथे कामाचं नाही, कारण ओळ मधूनच तुटली की तो मजकुराचा बदल धरला जातो. त्या ढिगाऱ्यात सहा ओळी गडप झाल्या होत्या. आणि खाली मंजुरी देणाऱ्याचं नाव माझं होतं. संध्याकाळी साडेसातला दिलेली मंजुरी.

क्लायंटला मूळ कारणाचा अहवाल द्यायचा होता. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं: 'मंजूर यादीबाहेरच्या एडिटरच्या वापरामुळे दोष शिरला.' एक ओळ, सगळ्यांना पटेल अशी. पाठवण्याआधी मी तो मसुदा त्याला वाचायला दिला. त्याने वाचला, थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मॅडम, चूक माझी आहे, नाही म्हणत नाही. पण कारण हे नाही."

त्या रात्री मी झोपू शकले नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं हे मला वाचतानाच कळलं होतं. एडिटरवर खापर फोडलं की ढिगारा न वाचता मंजुरी देणारी मी मोकळी, मध्यावरची टेस्ट न लिहिणारी टीम मोकळी. सकाळी मी अहवाल नव्याने लिहिला. चार कारणं: मांडणीचा आणि हिशेबाचा बदल एकाच कमिटमध्ये (एकदम नोंदवलेल्या बदलांच्या संचात), न वाचता दिलेला रिव्ह्यू, सामायिक मेथडचं न सांगितलेलं गृहीतक, अपुरी टेस्ट. पाचव्या परिच्छेदात मंजुरीशिवाय वापरलेल्या एडिटरची कबुली, आणि तो माझ्या तोंडी परवानगीने वापरला गेला हेही.

या शेवटच्या वाक्यामुळे मला दोन मीटिंगा बसून ऐकून घ्याव्या लागल्या. तरी ते लिहिलं याचं आजही समाधान आहे.

सक्ती कशासाठी होती

इतकी वर्षं 'एक्लिप्सच का?' हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारावं लागलं. उत्तर एक नव्हतं, आणि ती उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली होती की ती सोडवण्यातच दोन आठवडे गेले.

क्लायंटच्या सुरक्षा विभागाला एडिटरशी देणंघेणं नव्हतं. त्यांची भीती प्लगइनची, म्हणजे एडिटरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, होती: कुणीतरी कुठूनतरी लिहिलेला कोड विमेदारांच्या व्यवस्थेच्या शेजारी चालतोय, आपोआप अपडेट होतोय. ही भीती रास्त होती. त्याच्याकडे 23 प्लगइन होते आणि सगळे थेट गिटहबवरून उतरवलेले.

आमच्या डिलिव्हरी मॅनेजरांचं कारण वेगळंच निघालं. पूर्वीच्या एका प्रोजेक्टमध्ये एकाने स्वतःची बिल्डची व्यवस्था केली होती, तो नोकरी सोडून गेला आणि रिलीजच्या आठवड्यात कुणालाच बिल्ड करता येईना. ते मला म्हणाले, "मला त्याच्या एडिटरचं काही नाही गं. माणूस गेला की काम अडता कामा नये, एवढंच." त्यांच्या या वाक्यानंतर चर्चेचा सूर बदलला, निदान माझ्यापुरता.

तिसरं कारण रात्रीच्या ऑनकॉलचं, म्हणजे अडचण आली की लगेच धावून जायच्या पाळीचं. दोघं एका लॅपटॉपपुढे बसले तर दोघांनाही तो चालवता आला पाहिजे. आणि चौथं, कुणी मोठ्याने न बोललेलं: सगळ्यांचं तेच आहे तर याचं वेगळं कशाला.

पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय त्याला एक्लिप्सवर परत आणण्याचा. मॅनेजरांचा कल तिकडेच होता. माझी हरकत अशी की त्याने दोष पुन्हा येणं थांबणार नव्हतं. गिटचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास काढून बघितला तर मांडणीचे तसलेच ढिगारे एक्लिप्स वापरणाऱ्यांचेही होते, लहान असले तरी. मांडणीचे नियम ज्या एक्सएमएल फाइलीत होते, ती प्रत्येकाने कधीतरी आपल्या एक्लिप्समध्ये हाताने आयात केलेली. कुणाकडे 2017 ची प्रत, कुणाकडे त्यानंतरची, दोघांकडे मुळीच नाही. दहा माणसं एकच साधन वापरत होती आणि तरीही एकसारखं लिहीत नव्हती.

दुसरा, एक्लिप्समध्येच विमच्या कळा आणणारं व्रॅपर हे प्लगइन. त्याने ते प्रामाणिकपणे दोन आठवडे वापरून पाहिलं. हलणं, खोडणं, शब्द बदलणं ठीक होतं. पण त्याची खरी ताकद होती स्वतः लिहिलेल्या कमांडींत, अनेक फाइलींवर मॅक्रो सोडण्यात, टर्मिनल शेजारी ठेवण्यात. त्यातलं फार थोडं आलं. आणि व्रॅपरलाही सुरक्षा विभागाची मंजुरी लागणार होतीच. अनेकांना हा मधला रस्ता पुरतो. त्याला पुरला नाही.

तिसरा, ज्याला जे हवं ते वापरू द्यावं. याला मीच नकार दिला. अकरा जणांचे अकरा एडिटर म्हटल्यावर सुरक्षेचा आणि ऑनकॉलचा प्रश्न अकरापट होतो, आणि तो निस्तरायला आमच्याकडे माणूस नव्हता.

चौथा पर्याय बोलता बोलता सापडला, तो त्याच्याच एका माहितीतून. निओविममध्ये तो जावासाठी लँग्वेज सर्व्हर वापरायचा. मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्हीसोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्यामुळे भाषेची समज एका वेगळ्या प्रोग्रॅमकडे राहते आणि कुठलाही एडिटर त्याच्याशी बोलू शकतो. जावासाठी त्याच्याकडे जो सर्व्हर होता, तो एक्लिप्सच्याच जावा इंजिनावर बांधलेला. मांडणी करणाराही तोच. फक्त आमची एक्सएमएल फाइल त्याला कुणी दाखवली नव्हती, म्हणून तो स्वतःच्या 120 अक्षरांवर चालत होता. सेटिंगमध्ये एका ओळीत त्या फाइलीचा पत्ता दिला असता तर 1,100 ओळींचा तो ढिगारा झालाच नसता. हे कळलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

म्हणजे नियम साधनात न ठेवता रेपोमध्ये, टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यात, ठेवायचे. साधन कोणतंही असो, बिल्ड नियम तपासेल. आणि वेगळं साधन हवं असेल त्याने त्याची किंमत स्वतः उचलायची, उघडपणे.

काय केलं

आधी एक परीक्षा घेतली. कोरा लॅपटॉप, एक्लिप्स नाही, फक्त जावा, मेव्हन (बिल्ड करणारं साधन) आणि गिट. रेपो घ्या, बिल्ड करा, ॲप्लिकेशन चालू करा.

बिल्ड झाला. ॲप्लिकेशन सुरू होईना. पावणेदोन दिवस शोधल्यावर कळलं की ते चालायला दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि जावाला द्यायची एक मेमरीची सूचना लागते, आणि या तिन्ही गोष्टी फक्त आमच्या एक्लिप्सच्या लाँच कॉन्फिगरेशनमध्ये होत्या. कागदावर कुठेच नाहीत. नवीन माणूस आला की आम्ही काय करायचो? शेजारच्याचा वर्कस्पेस, म्हणजे एक्लिप्सचं कामाचं फोल्डर, झिप करून द्यायचो. त्यात हे सगळं आपोआप जायचं, म्हणून ते आहे हेच टीम विसरली होती. मॅनेजर ज्या गोष्टीला घाबरत होते ती सक्तीमुळे टळली नव्हती, ती सक्तीच्या पोटात लपली होती. त्यांना हे मी कागदावर दाखवलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि पुढच्या कामाला आठ दिवस दिले.

त्या आठ दिवसांत चालू करण्याच्या सगळ्या गोष्टी एका स्क्रिप्टमध्ये आणि रीडमी फाइलीत आल्या. मांडणीची एक्सएमएल रेपोत आली आणि मेव्हनला स्पॉटलेस हे प्लगइन जोडलं. मांडणी चुकली तर बिल्ड लाल, एक कमांड दिली की दुरुस्त. ओळीचे शेवट विंडोजचे की लिनक्सचे हा जुना वाद गिटॲट्रिब्यूट्स फाइलीने मिटला, आणि टॅब-स्पेसचे नियम एडिटरकॉन्फिगमध्ये गेले, जे बहुतेक एडिटर समजून घेतात.

संपूर्ण कोडची मांडणी एकदाच बदलायची की ज्या फाइलीला हात लागेल तेवढीच, यावर बराच खल झाला. स्पॉटलेसमध्ये दुसऱ्याचीही सोय आहे. पण मग दोन-तीन वर्षं प्रत्येक रिव्ह्यूत थोडा थोडा ढिगारा येत राहिला असता, आणि आमचा दोष नेमका तिथूनच आलेला. म्हणून रिलीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, एकही शाखा उघडी नसताना, एका कमिटमध्ये सगळं केलं. ती कमिट गिटच्या ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते दाखवणाऱ्या सोयीत, वगळण्याच्या यादीत टाकली. ही सोय गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. नाहीतर प्रत्येक ओळीवर त्या एका दिवसाचं नाव दिसलं असतं आणि मूळ लिहिणारा कोण हे पुसलं गेलं असतं.

त्याच्या बाजूचं काम त्याने केलं. 23 प्लगइनांचे सहा केले. प्रत्येकाचा कोड कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरवर आणून ठराविक कमिटवर बांधून ठेवला, आपोआप अपडेट बंद. त्याचा लँग्वेज सर्व्हर चालवायला जावा 17 लागायचं, प्रोजेक्ट जावा 8 वर, तेव्हा दुसऱ्या जावाचीही मंजुरी मागितली. मग आम्ही एक पानी अर्ज लिहिला: काय वापरणार, ते कुठून आणलं, त्यावर कोण लक्ष ठेवणार, बिघडलं तर काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: त्याच्या लॅपटॉपवर एक्लिप्स नेहमी तयार राहील, ऑनकॉलला आणि जोडीने काम करताना तेच उघडलं जाईल, आणि एडिटर दुरुस्त करण्यात गेलेला वेळ प्रोजेक्टच्या खात्यावर टाकला जाणार नाही.

मंजुरीला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे तो एक्लिप्समध्ये काम करत होता. एक शब्द बोलला नाही. पण मला दिसत होतं: हात सवयीने एस्केपकडे जायचा, थांबायचा, मग माऊस शोधायचा. दिवसाच्या शेवटी तो नेहमीपेक्षा दमलेला असायचा. त्या पाच आठवड्यांत त्याचं काम थांबलं नाही, हेही तितकंच खरं. मॅनेजरांनी ते लक्षात ठेवलं, आणि माझ्या मते अर्जापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झाला.

निष्पत्ती

फेब्रुवारी 2023 मध्ये निओविम यादीत आलं, 'अपवाद, दर सहा महिन्यांनी फेरतपासणी' अशा शेऱ्यासह. त्यानंतर मांडणीमुळे फुगलेला एकही रिव्ह्यू माझ्याकडे आला नाही. मोठा फरक दिसला तर न वाचता परत पाठवायचा, असा नियमही टीमने केला. तो मोडणाऱ्यांत मी पहिली असेन अशी मला भीती होती. अजून मोडलेला नाही.

बाकी सगळं गोड झालं असं नाही. डीबगिंगसाठी निओविममध्ये त्याने जोडलेली व्यवस्था डळमळीत होती. मल्टिथ्रेडेड कोडमध्ये ब्रेकपॉइंटवर थांबून थ्रेड बघायचे असले की तो निमूटपणे एक्लिप्स उघडायचा. एकदा निओविमची आवृत्ती बदलताना दोन प्लगइन मोडले आणि त्याचा शनिवार त्यात गेला. ठरल्याप्रमाणे त्याचा स्वतःचा. आणखी एकीने अर्ज करून इंटेलिजे या एक्लिप्ससारख्याच साधनाची कम्युनिटी आवृत्ती घेतली. उरलेले नऊ जण एक्लिप्सवरच राहिले, कारण त्यांना तेच आवडत होतं.

सगळ्यात मोठा फायदा मात्र एडिटरशी संबंध नसलेला निघाला. पूर्वी नव्या माणसाचा लॅपटॉप कामाला लागायला दोन-तीन दिवस जायचे. मे 2023 मध्ये आलेल्या मुलीने रीडमी वाचून दुपारी ॲप्लिकेशन चालू केलं, आणि शेजारच्याचा वर्कस्पेस मागितला नाही.

आज वेगळं काय केलं असतं

'बोभाटा नको' हे वाक्य बोलले नसते. लपून दिलेली परवानगी देणाऱ्याला सोयीची आणि घेणाऱ्याला धोक्याची असते. दोष निघाला त्या दिवशी त्याच्या हातात माझं तोंडी वाक्य होतं आणि माझ्या हातात अहवालाचा मसुदा. मी सरळ 'नाही' म्हटलं असतं तरी त्याच्यासाठी ते अधिक सुरक्षित होतं. सगळ्यात बरं म्हणजे त्याच आठवड्यात अर्ज करायला बसवलं असतं.

त्यानेही पहिल्या दिवशी मांडणीची फाइल मागायला हवी होती. हे त्याचंच म्हणणं आहे. 'मी माझा एडिटर आणतोय तर टीमचे नियम त्याला शिकवणं माझं काम' असं तो नंतर नव्या लोकांना सांगायचा.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. ऑनकॉलला एक्लिप्सच, ही अट मी घातली. त्याचं म्हणणं होतं की रात्री अडीच वाजता, क्लायंट लाइनवर असताना, माणसाला त्याच्या हाताला सवयीचं हत्यार हवं. नेमक्या त्याच वेळी ते काढून घेणं उलटं आहे. माझं म्हणणं, त्या वेळी दुसरा माणूसही त्याच स्क्रीनवर बघत असतो. दोन वेळा मी त्याला अट मोडताना पाहिलं, दोन्ही वेळा प्रश्न लवकर सुटला, आणि मी अट बदलली नाही. ती बरोबर होती का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

2024 मध्ये तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. पुढची फेरतपासणी आली तेव्हा मी टीमला विचारलं, निओविम कुणाला हवंय का. कुणालाच नको होतं. त्याच्या सहा प्लगइनांची नोंद मी यादीतून काढली आणि अंतर्गत सर्व्हरवरच्या प्रती बंद केल्या. बिल्डला त्याचा पत्ताही लागला नाही.